रोमवाला, फ्रान्सवाला आणि माझा भाऊ

आमच्या घरी त्या दोघांची नावं कुणी घेत नसे. बाबा एकाला रोमवाला म्हणत आणि दुसऱ्याला फ्रान्सवाला, जणू दोघांचीही आठवडी बाजारात कापडाची दुकानं होती. मी पुण्याला एम.ए. करत होते तेव्हा इतिहासाच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न होता: प्रजासत्ताकाचं साम्राज्य करून टाकणाऱ्या या दोन सेनानींची तुलना करा. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक. इतिहास ते कुठल्या कॉलेजात शिकले नव्हते, त्यांनी तो वाचून वाचून पाठ केला होता. मी सुटीत गावी आले की अंगणात तुरीच्या शेंगा सोलत ते मला या प्रश्नावर उलटसुलट विचारत.

मला तेव्हा फ्रान्सवाला आवडायचा. एका बेटावरचा, बेताच्या घरातला, बोलण्याच्या ढंगावरून शाळेत चेष्टा झालेला मुलगा तोफखान्यात अधिकारी होतो आणि तिशीत देशाचा प्रमुख होऊन बसतो. पुण्यात माझ्या वऱ्हाडी मले-तुलेवर वसतिगृहातल्या मुली हसायच्या. त्यामुळे असेल, तो मला आपला वाटायचा.

"त्यानं कायदे लिहिले, शाळा काढल्या, सगळं खरं," बाबा म्हणाले होते. "पन क्रांतीनं ज्या गुलामाइच्या बेड्या तोडल्या होत्या, त्या त्यानं परत घातल्या. हे तुह्या उत्तरात कोठी हाये?"

माझ्या उत्तरात ते नव्हतं. बाजारातल्या गाइडातही नव्हतं.

"मंग तुम्हाले रोमवाला बरा वाटते का?" मी विचारलं.

"त्याची तं मले जास्त भीती वाटते." शेंगांचं सूप त्यांनी बाजूला ठेवलं. "फ्रान्सवाल्यानं सगळ्याइच्या समोर मुकुट उचलला अन् आपल्या हातानं आपल्या डोक्यावर ठेवला. लोकाइले दिसलं तरी. रोमवाल्यानं मुकुट घातलाच नाई. सभा भरत राह्यली, निवडणुका होत राह्यल्या. हा म्हणे, मी काई राजा नाई, मी फक्त पयला नागरिक. लोकाइले वाटलं काई बदललंच नाई. मंग ते बदललेलं मागं फिरवावं कोनी?"

मी ते उत्तरात लिहिलं आणि मला बरे गुण मिळाले. पुढे बुलढाण्यात कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं, आणि तोच प्रश्न मी मुलांना शिकवू लागले.

बाबांना या दोघांचा इतका ध्यास का, हे कळायला आमच्या गावचं वाचनालय माहीत असावं लागतं. देऊळघाटच्या पुढे, रस्ता सोडून थोडं आत आमचं गाव. आमच्या वस्तीत विहाराला लागून एक खोली होती. बाबांनी तरुणपणी दहा-पंधरा घरं जमवून तिथे वाचनालय काढलं. पुस्तकं थोडी, पण नियम पक्के. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सभा. सगळे सतरंजीवर गोल बसणार, खुर्ची कुणालाच नाही. एका घराचा एक हात, म्हणजे एक मत. आणि अध्यक्ष दरवर्षी बदलणार, पाळीपाळीनं, प्रत्येक घरातून. एका वर्षी मजुरीला जाणारी एक बाई अध्यक्ष झाली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या वर्षी एवढंच केलं की पुस्तकं घरी नेऊन पाऊस लागू देणाऱ्यांना भर सभेत झापलं. बाबा ते वर्ष सगळ्यात चांगलं मानायचे.

खोटं कशाला सांगू, कामं मात्र रखडायची. पत्रे गळत होते. दुरुस्ती करायची की नवीन टाकायचे यावर सभा व्हायच्या, वाद व्हायचे, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पुस्तकांखाली पातेली ठेवावी लागायची. बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर तर दोन तट पडले. एक तट म्हणे खोली विहाराची, दुसरा म्हणे वाचनालयाची. एका सभेत धक्काबुक्की झाली, एकाचं डोकं फुटलं. दोन्ही तटांनी आपापलं कुलूप लावलं. दाराला दोन कुलपं, आत वाळवी.

त्याच सुमाराला माझा धाकटा भाऊ लष्करातून निवृत्त होऊन आला. सुभेदार होता. सरळ पाठ, कमी बोलणं, पहाटे उठून गावाच्या वेशीपर्यंत चालत जाणं. सगळ्या वस्तीला त्याचं कौतुक. दोन्ही तटांची माणसं एकाच आठवड्यात आमच्या ओट्यावर येऊन बसली.

"सुभेदारसाहेब, एक वर्ष तुम्ही पाहा," त्यांतला एक म्हातारा म्हणाला. "तुमचं सगळे ऐकतीन."

भावानं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "एक वर्ष ठीक हाये. पन एकच."

त्या वर्षात त्यानं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन्ही कुलपं त्यानं स्वतः तोडली. स्लॅब पडला. शेजारी अभ्यासिका उभी राहिली, स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी वेगळी टेबलं, पंखे, फिल्टरचं पाणी. पहाटे मुलांना तो मैदानावर पळवायला न्यायचा. वस्तीतली मुलं पोलिसात लागली, दोघी मुली वनखात्यात गेल्या. आजूबाजूच्या गावांतून लोक पाहायला येऊ लागले. मी घरी गेले की वहिनी म्हणायची, "ताई, याइले जेवाले वेळ नाई." ती तक्रार होती आणि अभिमानही होता.

वर्ष संपलं तेव्हा लोक म्हणाले, आणखी एक. मग आणखी एक. पुढे सभा दर महिन्याची तीन महिन्यांनी झाली. सतरंजीवर बसून भावाचे गुडघे दुखायचे म्हणून एक खुर्ची आली. ते गुडघे खरंच दुखायचे, सीमेवर बर्फात काढलेले हिवाळे होते ते. पण ती खुर्ची आल्यापासून लोक गोल बसेनासे झाले. तिच्यासमोर ओळीत बसू लागले. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

बाबा एकदा जेवताना म्हणाले, "पाळी कधी बदलून राह्यला?"

"बाबा, कोनाले देऊ?" भाऊ म्हणाला. "तुमी चाळीस वर्षं सभा घेतल्या. पत्रा बदलला का? मी आलो तवा अंदर वाळवी होती."

"वाळवी होती, पन सगळ्याइची होती."

भाऊ हसला. मीही हसले. बाबा हसले नाहीत.

पुढची सभा झाली तेव्हा मी गावीच होते. लग्न होऊन गेलेली म्हणून मला हात नव्हता. मी भिंतीशी बायकांमध्ये बसले होते. त्याच म्हाताऱ्यानं उभं राहून ठराव मांडला: दरवर्षी हा घोळ कशाला, सुभेदारसाहेब हेच कायमचे अध्यक्ष असावेत. टाळ्या पडल्या. भाऊ खुर्चीत खाली मान घालून बसला होता. तो संकोचला होता, हे मी त्याच्या कानांवरून ओळखलं. लहानपणीही लाज वाटली की त्याचे कान लाल व्हायचे.

तेवढ्यात मागून एक मुलगी उभी राहिली. अभ्यासिकेतलीच. वडील नव्हते तिला, आई शेतमजूर.

"मले विचाराचं हाये," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पाळी आमच्या घराची होती. माही आई अध्यक्ष होनार होती. तिचं काय?"

कुणीतरी हसलं. तिची आई तिची बाही धरून खाली ओढत होती, "बस वो, बस."

"तुह्या आईले वाचता येते का?" ठराव मांडणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"अदुगर एक बाई होती, तिले कोठी येत होतं?" मुलगी म्हणाली.

भाऊ पहिल्यांदा बोलला. आवाज चढवला नाही. "बेटा, अभ्यासिका तुह्यासाठी बांधली. तू अभ्यास कर. हे आमी पाहतो." आणि मग सगळ्यांना म्हणाला, "हात वर करा."

हात वर गेले. खोलीभर हात. विरोधात कोण विचारलं तेव्हा त्या मुलीचा हात वर आला, आणि तिच्यानंतर बाबांचा. ऐंशीच्या घरातला तो हात, कोपरात वाकलेला. तिच्या आईचा हात मांडीवरच होता. बाबांनी हात बराच वेळ खाली घेतला नाही. भावानं मोजणी संपल्यावर म्हटलं, "बाबा, झालं आता." तरी त्यांनी घेतला नाही. शेवटी मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांना घरी आणलं.

वाटेत ते एकच वाक्य बोलले. "फ्रान्सवाल्यानंही लोकाइलेच विचारलं होतं, सम्राट होऊ का म्हनून. सगळे हो म्हनले होते."

आठवड्याभरात त्या मुलीची अभ्यासिकेतली जागा दुसऱ्याला गेली. कारण सांगितलं शिस्तीचं. भाऊ मला फोनवर म्हणाला, "ताई, मी नाई काढलं तिले. पोराइनंच म्हटलं का ती इथं वाद घालते." मला वाटतं, ते खरं असावं. त्यानं काही सांगायची गरज उरलेली नव्हती. त्याच्या मनात काय असेल याचा अंदाज घेऊन लोक आधीच वागू लागले होते.

बाबांनी तिला निरोप पाठवला आणि आमच्या पुढच्या खोलीत तिच्यासाठी टेबल लावलं. त्याच घरात भाऊ राहत होता. सकाळी तो अभ्यासिका उघडायला निघायचा तेव्हा ती मुलगी दारातून आत येत असायची. दोघं एकमेकांना वाट द्यायचे. त्यानं तिला कधी अडवलं नाही, हेही सांगायला हवं. वहिनी तिला चहा द्यायची.

बाबांनी मात्र मुलाशी बोलणं सोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. त्यांनी आपली खाट ओसरीवर नेली, जेवण तिथेच मागवू लागले. स्वतः काढलेल्या वाचनालयाची पायरी पुन्हा चढले नाहीत. वर्तमानपत्र वाचायला ते बसने बुलढाण्याला यायचे, माझ्याकडे. मी कॉलेजातून येईपर्यंत पेपर पाठ झालेला असायचा. पावसाळ्यात शहरावर धुकं उतरतं, रस्त्याच्या पलीकडचं दिसत नाही, त्या दिवसांतही यायचे. ओली छत्री दारात ठेवून म्हणायचे, "आलो बाई."

मी एकदा त्यांना म्हटलं, "बाबा, तो काई वाईट मानूस नाई."

"वाईट असता तं सोपं होतं," ते म्हणाले. "वाईट मानसाले मी वस्तीतून हाकलला असता. त्यानं पोराइचं भलं केलं. म्हनून तं माह्याजवळ कोनी उभं नाई राह्यलं." थोड्या वेळानं म्हणाले, "रोमवाला लय वर्षं जगला. तो मेला तवा, त्याच्या अगोदरची सभा पाह्यलेले म्हातारे बोटावर मोजन्याइतके उरले होते. पोराइले वाटे, जग असंच असते. आपल्या वस्तीतल्या पोराइले इचार, अध्यक्ष बदलते म्हनून कोनाले माहीत हाये?"

मी विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं.

मुलगी परीक्षा पास झाली, नाशिकला कारकून म्हणून लागली. जाताना बाबांच्या पाया पडायला आली तेव्हा तिनं सांगितलं, "मी आईले घेऊन जाऊन राह्यली. आता अथी येनं होईन असं वाटत नाई." बाबा म्हणाले, "जाय." ती गेल्यावर तिचं टेबल त्यांनी तिथेच राहू दिलं, पण त्यावर बसायला कुणी आलं नाही.

त्या हिवाळ्यात बाबांची छाती भरली. दवाखान्यातून घरी आणलं ते उठण्यासाठी नव्हतंच. मी रजा घेऊन गावी राहिले. भावानं सगळं केलं. औषधाची वेळ एक मिनिट चुकू दिली नाही, अंग पुसलं, कूस बदलली. एका सकाळी मी ओसरीवर आले तर तो त्यांची दाढी करत होता. गालाला साबण लावलेला, बाबांची मान त्यानं डाव्या तळहातावर तोलून धरलेली. वस्तरा इतका हलका फिरवत होता की आवाज येत नव्हता. बाबांचे डोळे उघडे होते आणि ते त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता बोलतील. भावालाही वाटलं असावं. हात मधेच थांबला. बाबांनी हनुवटी थोडी वर केली, दाढी सोपी व्हावी म्हणून. एवढंच.

दोन दिवसांनी ते गेले.

वाचनालयात त्यांचा मोठा फोटो लागला, हार घातलेला. अभ्यासिकेला त्यांचं नाव दिलं गेलं. ठराव एकमतानं झाला. संगमरवरी पाटीवर संस्थापक म्हणून त्यांचं नाव वर आणि आजीव अध्यक्ष म्हणून भावाचं नाव खाली, एकाच पाटीवर बाप आणि मुलगा. पाटी लावताना भाऊ रडत होता. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी रडणाऱ्या भावाला मी काय म्हणणार होते?

वर्षश्राद्धासारखं काही आमच्यात करत नाहीत. पण वर्ष झालं तेव्हा भावानं विहारात वंदना आणि भोजन ठेवलं. जेवणं झाल्यावर दुपारी सगळ्यांना वाचनालयात बोलावलं. खुर्चीत बसला नाही, तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"मले दोन शब्द बोलाचे हाये," तो म्हणाला. "बाबा माह्याशी शेवटपर्यंत बोलले नाई. काऊन ते तुमाले माहीत हाये. मी आज सगळं सोडतो. पयल्यासारखी पाळी लावा. आज कोनाची पाळी हाये ते सांगा, त्यानं अथी यावं."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तिचा आवाज तेवढा येत होता.

रोमवाल्यानंही एकदा भरसभेत उभं राहून सगळे अधिकार परत केले होते, आणि सभेनं विनवण्या करून ते त्याच्या गळ्यात पुन्हा घातले होते. ते नाटक होतं असं बहुतेक जण मानतात. मी वर्गात तसंच शिकवते. पण माझ्या भावाचं नाटक नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते.

"कोनाची पाळी हाये?" त्यानं पुन्हा विचारलं.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. पाळी कुठे थांबली होती हे कुणालाच आठवेना. ज्यांची होती ती मायलेक नाशिकला. तो ठरावाचा म्हातारा उठला, त्याला दोघांनी धरलं होतं. "साहेब, असं बोलू नका. आमची पोरं उघड्यावर पडतीन." मग एक बाई रडू लागली. मग अभ्यासिकेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, सुरुवातीला मोजक्या, मग थांबेनातच.

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याजवळ गेले आणि हळू म्हटलं, "बसू नको. बाहेर चल माह्यासंगं."

"मी गेलो तं उद्या सकाळी दार कोन उघडीन, ताई?" तोही तितकंच हळू म्हणाला.

"कोनी तरी उघडीन."

त्यानं ओळीत बसलेल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. मीही फिरवली. खरं सांगायचं तर मलाही त्यांत कुणी दिसलं नाही. त्यानं ज्यांना इतकी वर्षं सांभाळलं, त्यांना कुणीतरी आपल्याला सांभाळण्याची सवय लागली होती. तो खुर्चीत बसला. सुटल्याची भावना होती की अडकल्याची, त्याच्या तोंडावरून मला कळलं नाही. बसताना त्यानं गुडघ्यावर हात दाबला, एवढं दिसलं.

संध्याकाळी मला बसथांब्यावर सोडायला तो आला. बस उशिरानं होती. दोन्हीकडे कापूस वेचून झालेली रानं, काळवंडलेल्या पऱ्हाट्या.

"तू वर्गात शिकवतं ना ते दोघं," तो अचानक म्हणाला. "बाबा तुलेच सांगत, मले कधी सांगितलं नाई. त्याइचं शेवटी काय झालं?"

"फ्रान्सवाला हरला. दूर समुद्रातल्या एका बेटावर नेऊन ठेवला, तथीच मेला. आजारी होता, जवळ घरचं कोनी नव्हतं."

"अन् दुसरा?"

"दुसरा हरला नाई. म्हातारा होऊन गेला. मागं त्याची पूजा झाली."

त्यानं बस येते का म्हणून रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्याले बाप होता का?"

"लहानपनीच गेला होता."

"बरं झालं," भाऊ म्हणाला.

बस आली. त्यानं माझी पिशवी वर दिली आणि खिडकीशी उभा राहिला. मी हात केला, त्यानंही केला. बस वळेपर्यंत तो ताठ उभा होता, तेवढ्या थंडीत, स्वेटरशिवाय.

आता मी गावी क्वचित जाते. अभ्यासिकेला वरचा मजला झाला आहे. मुलं लागतात नोकऱ्यांना, पेढे येतात. भावाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं डॉक्टर म्हणतात, तो पुढं ढकलतो. वहिनी फोनवर सांगते की काठी घेऊन जातो पण रोज पहाटे जातोच, किल्ली दुसऱ्या कुणाकडे देत नाही. मी म्हणते, त्याला फोन दे. ती म्हणते, "ताई, ते घरी कोठी असतात?"